उरलेल्यांची मोजणी

पेशी धुवायच्या सेंट्रिफ्यूज यंत्राचं झाकण अडकलं तेव्हा बाईंच्या हातात गोठवलेल्या पेशींची नुकतीच वितळलेली नळी होती. त्यांनी झाकण दाबून पाहिलं, ओढून पाहिलं, शेवटी वरून एक हलकी चापटही मारली. यंत्र ढिम्म. दुरुस्तीवाला जेवणाच्या सुट्टीनंतर येणार होता, आणि वितळलेल्या पेशी काही त्याची वाट बघत ताटकळणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या नळीतच मरून जाण्यापेक्षा निदान आकडा तरी हाती लागेल, असं म्हणून बाईंनी नळीतला थेंब न धुताच काचेवर घेतला, त्यात निळा रंग मिसळला आणि काच मायक्रोस्कोपखाली सरकवली.

जिवंत पेशी हा रंग आत शिरू देत नाही. मेलेली निळी होते. एवढ्या एका गोष्टीवर बाईंचं निम्मं आयुष्य गेलं होतं. काचेवरचं चित्र त्यांना पाठ होतं. स्वच्छ पाणी, कोरलेल्या बारीक चौकटी, त्यांत गोल, चकाकत्या पेशी, मधूनच एखादी निळी. दहातल्या नऊ जिवंत.

आज काचेवर राडारोडा होता. फाटके तुकडे, चुरा, कशाचं काय ते न ओळखू येणारे धागे. भिंत पाडल्यावर धूळ खाली बसायच्या आधी दिसावं तसं. त्या पसाऱ्यात जिवंत पेशी होत्या, चांगल्या टुकटुकीत होत्या, पण चौकटीमागून चौकट सरकत गेली तरी पेशी मोजायच्या काउंटरवरचा अंगठा मोकळाच राहत होता.

बाईंनी नळी उचलून तिच्यावरची चिठ्ठी वाचली. गोठवताना आत किती पेशी घातल्या, ते त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. हा आकडा त्या नेहमी गोठवताना लिहीत. वितळवल्यावर तो परत वाचायची गरज त्यांना कधी पडली नव्हती.

दुपारी दुरुस्तीवाला येऊन झाकण मोकळं करून गेला. बाईंनी यंत्राकडे बघितलंही नाही. त्यांनी आणखी नळ्या काढल्या, वितळवल्या, न धुता मोजल्या. काही पेशी बशीत टाकून दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवल्या आणि पुन्हा मोजल्या. उरलेल्या होत्या त्या टिकल्या होत्या, बशीच्या तळाला नीट चिकटल्या होत्या. पण शंभर घातल्या तर बेचाळीसच.

बाकीच्या कुठे गेल्या, हे कळायला फार हुशारी लागणार नव्हती. गोठवताना पेशींत मिसळायचा जुना द्रव, जो सगळीकडे वापरतात, तो पेशीच्या आत शिरतो. गोठताना तो पेशीला वाचवतो आणि वितळल्यावर तोच तिला विष होतो. शिवाय त्याला लसणासारखा उग्र वास. म्हणून नळी वितळली रे वितळली की ती यंत्रात गरगर फिरवायची, पेशी तळाशी बसल्या की वरचं पाणी ओतून द्यायचं आणि मग मोजायचं. त्याच्या जागी बाईंनी बनवलेलं पॉलिमर तसं नव्हतं. त्याची लांबलचक साखळी, जागोजागी धन आणि ऋण भार ल्यालेली, पेशीच्या बाहेरच थांबायची आणि बर्फाचे स्फटिक मोठे होऊ द्यायची नाही. त्याला वास नव्हता, विष नव्हतं. ते धुवावंच लागू नये म्हणून तर सगळा खटाटोप. आणि तरीही इतकी वर्षं बाईंच्या हातांनी ते धुतलं होतं. हाताला सवय होती. धुताना फुटक्या पेशी पाण्याबरोबर मोरीत जात होत्या, आणि बाई उरलेल्यांतल्या जिवंत किती ते मोजून आनंदात होत्या.

त्या तडक साहेबाच्या खोलीत गेल्या.

साहेब एके काळचा त्यांचा विद्यार्थी. आता संस्थेचा प्रमुख. चारचौघांत बाई त्याला साहेब म्हणत, दार लोटलं की अरे.

"मॅडम, बसा ना."

"उभीच बरी आहे. अरे, नव्वद चुकीचं आहे."

त्यानं पेनचं टोपण लावलं. "चुकीचं कसं असेल? शेकडो वेळा मोजलंय आपण."

"शेकडो वेळा सारखंच चुकलोय."

बाईंनी सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. तो हुशार होता, अर्ध्यातच त्याला समजलं, आणि समजल्याचं त्यानं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"सगळेच असं मोजतात, मॅडम."

"मोजत असतील. मी नाही मोजणार."

"शिकवलंत तर तुम्हीच. आधी धू, मग मोज. न धुता मोजशील तर कान उपटीन. तुमचेच शब्द."

"हो ना. म्हणून तर आधी स्वतःचा कान धरलाय."

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "सोमवारी रुग्णालयाची माणसं येतायत. त्यांनी हो म्हटलं की तुमचं पॉलिमर खऱ्या माणसांपर्यंत पोचतं. इतक्या वर्षांचं काम. आता हे काढलंत तर सगळं मुसळ केरात. असं करा, तुम्ही बोलूच नका. मी बोलतो. तुम्ही नुसत्या बसा."

"बसवायला मी काय कोपऱ्यातली कुंडी आहे?"

"मॅडम, मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

"माहितीये. म्हणूनच ओरडले नाही," बाई म्हणाल्या आणि दार उघडं टाकून बाहेर पडल्या.

रविवारी दुपारी नणंद आली. ती भाजलेल्या रुग्णांची डॉक्टर, शल्यक्रियेतला तिचा हात नावाजलेला. घरात आली की आधी चपला भिरकवायची, मग पर्स, मग स्वतःला सोफ्यावर.

"वहिनी, चहा टाक. दादा, तू उठू नकोस, तुझ्या चहाला पाण्याचीसुद्धा चव नसते."

"म्हणून तर मला कुणी चहा करायला सांगत नाही," बाईंचे यजमान पेपराआडून म्हणाले. ते शाळेत गणित शिकवत आणि घरात शक्यतो काहीच करत नसत.

चहा येईपर्यंत नणंदेचं वॉर्डपुराण सुरू झालं होतं. तिच्याकडे एक पाववाला होता. भट्टीचा भडका उडून त्याची पाठ आणि दोन्ही हात गेले होते. त्याच्याच चांगल्या कातडीतून चिमूटभर पेशी घेऊन, वाढवून, रुग्णालयाच्या पेढीत गोठवल्या होत्या. लागतील तशा वितळवून जखमेवर लावायच्या.

"पहिल्या खेपेला लावल्या. निम्म्या जागी धरल्याच नाहीत गं. नव्वद टक्के जिवंत, मी स्वतः बघितलेलं, तरी नाहीत धरल्या. तो मला विचारतो, डॉक्टर, माझंच कातडं मला का नको म्हणतंय? काय सांगू त्याला? म्हटलं, असतं एकेकाचं तसं." तिनं कप उचलला. "तुझं ते पॉलिमर एकदाचं येऊ दे. धुणं नाही, वास नाही, नळीतून थेट जखमेवर. मी वॉर्डात सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझ्या वहिनीचं आहे म्हणून."

बाईंनी आपला कप बशीत ठेवला आणि सांगून टाकलं. नणंदेच्या हातातला कप तोंडाशीच थांबला.

"म्हणजे समजलं नाही मला."

"मला समजलं," यजमान पेपर खाली करत म्हणाले. "आमच्या आधीच्या मुख्याध्यापकांची युक्ती. कच्च्या पोरांना परीक्षेला बसूच द्यायचं नाही. निकाल शंभर टक्के. शाळेबाहेर फलक लावायचे ते."

"दादा, गप्प बस." नणंद हसली नाही. "आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"मलाच परवा कळलं."

"मग उगाच कळलं. आणखी चार महिन्यांनी कळलं असतं तर काय बिघडलं असतं? बेचाळीस म्हणालीस तर ते दारातून परत जातील. तुला आहे का कल्पना, किती माणसं पालथी पडून वाट बघतायत ते?"

"नव्वद म्हणाले तर तू नव्वदच्या हिशोबानं लावशील. त्यांच्या पाठीवर बिघडेल मग, वन्सं."

वन्सं हा शब्द बाई फक्त भांडणात काढत. जुन्या बायकांचा शब्द, पण दोघींमध्ये तो चाकूसारखा ठेवलेला होता. नणंद उठली. कप तसाच राहिला.

"उद्या मी वहिनीबिहिनी कुणाला ओळखणार नाही."

"मलाही तिथे नणंद नकोच आहे. डॉक्टर हवीय."

दार आपटलं. यजमानांनी पेपर पुन्हा वर घेतला आणि त्याच्याआडून म्हणाले, "ती खरी कुणावर चिडलीय, तुला माहितीये ना?"

"माहीत असून उपयोग काय? दार तर माझंच आपटलं," बाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

सोमवारी सभागृहात भिंतीवर नव्वद हा आकडा माणसाएवढा उभा होता. साहेब बोलायला चांगला. त्यानं पॉलिमरची साखळी अशी रंगवली की बाईंनाही क्षणभर ते ऐकत बसावंसं वाटलं. समोर रुग्णालयाचे मोठे डॉक्टर, चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन. त्यांच्या शेजारी नणंद, कागदावर काहीतरी लिहीत. तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

"आणि हे सगळं ज्यांच्यामुळे शक्य झालं..." साहेबानं बाईंकडे हात केला. सगळ्यांनी माना वळवल्या. बाईंनी आता नम्रपणे हसायचं, एवढंच ठरलं होतं.

बाई उभ्या राहिल्या.

"भिंतीवरचा आकडा माझा आहे. तो मी परत घेते."

साहेब पटकन म्हणाला, "मॅडमचा विनय..."

"विनय नाही, चूक आहे. आम्ही वितळवल्यावर पेशी धुतो आणि मग मोजतो. ज्या फुटल्या त्या धुण्यात निघून जातात, त्यामुळे मेलेल्यांत त्यांची गणतीच होत नाही. नळीत घातल्या होत्या तेवढ्यांपैकी किती उरल्या, असं मोजलं तर शंभरात बेचाळीस. त्या बेचाळीस दुसऱ्या दिवशीही जिवंत असतात. तेवढ्याची हमी मी देते. त्यापुढच्या एकीचीही नाही."

साहेबाचे कान लाल झाले होते. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला.

"प्रामाणिकपणाबद्दल आभार, बाई. पण आमच्याकडे जुन्याच द्रवात नव्वद टिकतात. तुम्ही बेचाळीस घेऊन आलात. मग आम्ही बदलायचं कशासाठी?"

"तुमचे नव्वद कसे मोजलेत?"

"कसे म्हणजे? नेहमीसारखे."

"धुऊन?"

"अर्थात धुऊन. न धुता त्या वासात कोण बसणार?"

दोघंतिघं हसले. बाई हसल्या नाहीत.

"मग ते नव्वद नाहीत."

हसणं थांबलं. मोठे डॉक्टर चष्मा खिशात घालून सावकाश उठले. "बाई, आपलं कोसळलं म्हणून दुसऱ्याचंही पाडायला निघू नये."

"मी पाडत नाहीये. मोजून बघा म्हणतेय."

"आमची पेढी तुम्ही जन्मायच्या..." ते अडखळले, कारण बाईंचे केस त्यांच्याइतकेच पांढरे होते. "आमची पेढी जुनी आहे," एवढंच म्हणून ते दाराकडे वळले. मागोमाग बाकीचे. नणंद सगळ्यांत शेवटी उठली. तिच्या हातातलं पेन मघापासून कागदावर एकाच जागी टेकलेलं होतं, आणि तिथे शाईचा गोळा झाला होता. ती बाईंच्या समोरून गेली, थांबली नाही.

खोली रिकामी झाल्यावर साहेबानं भिंतीवरचा उजेड घालवला.

"उद्यापासून सुट्टी घ्या, मॅडम. मोठी. हे काम मी दुसऱ्या कुणाकडे देतो."

"दे. पण त्याला मोजायला नीट शिकव."

"सुट्टीचं म्हणालो मी."

"ऐकलं. घेत नाही," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला आल्या, कोट चढवला, आपल्या जागेवर बसल्या. एरवी गुडघ्याला गुडघा लावून बसणारी माणसं आज तिकडून वळसा घालून जात होती. बाईंनी नळ्या काढल्या आणि साखळीवरचा भार थोडा कमीजास्त करून बनवलेले नमुने लावायला घेतले. बेचाळीसचे पन्नास व्हायचे असतील तर ते सुट्टीवर जाऊन होणार नव्हते.

दुपार कलली तेव्हा दार ढकलून नणंद आत आली. हातात पांढरा जाड डबा, झाकणाच्या फटीतून थंड वाफ पाझरत होती. तिनं डबा टेबलावर ठेवला.

"पाववाल्याच्या आहेत. दोन आणल्यात."

"त्याला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाला, माझंच कातडं ना, बघा की."

"आणि तुझ्या मोठ्या डॉक्टरांना?"

"तू बोलायच्या आधी तुझ्या साहेबाला विचारलं होतंस?" तिनं केस बांधले, हातमोजे चढवले. "वितळव. मोजणार मात्र मी. तुझ्यावर विश्वास नाही माझा."

"नसूच दे," बाई म्हणाल्या आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

पहिली नळी कोमट पाण्यात हलकेच झुलवताना बर्फाचा शेवटचा खडा विरला आणि टोपण उघडताच खोलीभर लसणाचा वास पसरला. पलीकडच्या टेबलावरचा एक जण नाक मुरडत बाहेर गेला. बाईंनी थेंब काचेवर घेतला, रंग घातला, काच खाली सरकवून बाजूला झाल्या.

नणंदेचा अंगठा काउंटरवर चालू लागला. सुरुवातीला भरभर, टकाटका, शल्यक्रियेला सरावलेल्या माणसाचा. मग थांबत थांबत. मग तिनं काच सरकवून दुसरी चौकट घेतली, तिसरी घेतली. परत पहिलीवर आली. बाई तिच्या मानेकडे बघत होत्या. ती मान हळूहळू ताठ होत गेली.

"हा सगळा चुरा कशाचा?"

बाईंनी नळी उचलून तिच्यावरची चिठ्ठी उजेडात धरली.

"घातल्या किती होत्या?"

बाईंनी नळीवरचा आकडा वाचून दाखवला. नणंदेनं टेबलावरच्या कागदाच्या कोपऱ्यात हिशोब केला, खोडला, पुन्हा केला.

"एकतीस," ती म्हणाली.

बाई झटकन पाठमोऱ्या झाल्या आणि आधीच स्वच्छ असलेलं टेबल पुसू लागल्या. पॉलिमरमधल्या बेचाळीसपेक्षा जुन्या द्रवातल्या एकतीस कमी असतात, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. त्या आनंदाचं काय करायचं ते मात्र त्यांना समजेना. त्यांनी फडका घडी करून ठेवला, उलगडला, पुन्हा घडी केली.

"वहिनी."

"हं."

"तिसरा हिस्सा लावत होते मी. आणि त्याला म्हणत होते, असतं एकेकाचं तसं." ती मायक्रोस्कोपला डोळा लावून तशीच बसली होती, पण बघत काहीच नव्हती. "किती जणांना सांगितलं असेल मी हे?"

बाई तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. खांद्यावर हात ठेवावा की नाही, ते त्यांचं ठरत नव्हतं. हातमोजे रंगानं निळे झालेले होते. मग त्यांनी हातमोजा काढला आणि हात ठेवला. नणंदेनं तो झटकला नाही.

तिनं फोन काढून रुग्णालयाच्या पेढीत लावला.

"मी बोलतेय. उद्या पाववाल्यासाठी नळ्या किती काढणारेस? दोन ना? सहा काढ... हो, सहा. आधी दे माझ्याकडे, मी उघडेन आणि मी मोजेन... नाही, मोठ्या डॉक्टरांची परवानगी नाहीये. माझी सही घे... कारण? कारण लिही, मागच्या वेळी कमी लावल्या होत्या." पलीकडून कुणीतरी बरंच काही बोललं. नणंद ऐकत होती. "नाही. अंदाज नाही. मोजलंय. हो, माझ्या नावानं लिही. त्याला मी स्वतः सांगेन."

तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला, तेव्हा दाराच्या काचेतून साहेब आत बघत होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. आत येऊन त्यानं आधी डब्याकडे पाहिलं, मग नणंदेकडे, मग काउंटरवरच्या आकड्याकडे.

"मॅडम, तुम्ही सुट्टीवर आहात."

"असेन."

"बाहेरच्या माणसांचे नमुने असे परवानगीशिवाय... उद्या मला रुग्णालयातून फोन येईल."

"आजच येईल," नणंद म्हणाली. "मी नाव सांगितलंय."

टेबलावर अजून लसणाचा वास घोटाळत होता. बाईंनी डब्यातून दुसरी नळी चिमट्यानं उचलली.

"हातमोजे घाल आणि बस," त्या म्हणाल्या. "ही तू मोज."

साहेब उभाच होता. नणंद खुर्चीवरून उठली आणि दोन पावलं बाजूला झाली. बाईंनी नळी कोमट पाण्यात धरली आणि त्याच्याकडे न बघता हलवायला सुरुवात केली.